बाहेरून आणायचं काय थांबलं? घरी पिकवणाऱ्यांचे अनुभव

घरी भाजी लावणाऱ्याला सगळे एकच विचारतात, "किती निघते?" मला वेगळं विचारायचं आहे. तुमच्या घरात बाहेरून आणायची कोणती गोष्ट कायमची थांबली? भाजी असेल, खत असेल, बी असेल, बागेचं पाणी असेल. ती थांबावी म्हणून रोज काय करावं लागतं, तेही सविस्तर लिहा. फोटो नसले तरी चालतील, कृती मात्र हवी.

सुरुवात मी करते. आमच्याकडे पालेभाजी थांबली. जागा बाल्कनीची आणि ऊन सकाळचं तीन-चार तास. टोमॅटो, मिरची या फळं देणाऱ्या झाडांना सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, म्हणून त्यांच्या वाटेला गेलेच नाही. पाल्याला एवढं ऊन पुरतं. सगळं बी एकदम पेरायचं नाही, दर आठवड्याला एक ट्रे पेरायचा. पालक मुळासकट उपटायचा नाही. बाहेरची मोठी पानं खुडायची आणि मधला कोंब राखायचा, तिथूनच नवी पानं येत राहतात.

*

आमचं विकतचं खत बंद झालं, आणि माझ्या मते खरी सुरुवात तिथूनच होते. भाजी एखादा हंगाम नाही आली तरी चालतं, पण स्वयंपाकघरातला कचरा रोज निघतोच.

ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त असतं; वाळलेला पाला, पुठ्ठा, भुसा यांत कर्ब (कार्बन). कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब आणि नत्र साधारण 25 ते 30 ला 1 या प्रमाणात मानवतात. रोज कोण मोजणार? मी एक डबा ओल्या कचऱ्यावर दोन-तीन डबे चुरलेला पाला टाकतो. आंबूस वास आला की समजायचं, ओल वाढली आणि आत हवा कमी पडते आहे. मग आणखी पाला घालून सगळं खालीवर करायचं. ओल बघायला मूठभर घेऊन घट्ट दाबतो. तळहात ओलसर व्हावा, बोटांतून जेमतेम एखादा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त झालं.

घनमीटरभर ढीग असेल तर तो आतून 55 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत तापतो, आणि त्यात तणाचं बी व बरेचसे रोगजंतू मरतात. घरातल्या ड्रममध्ये तेवढी उष्णता टिकत नाही, त्यामुळे रोगट पानं त्यात टाकायची नाहीत, हा नियम मी कधीच मोडत नाही.

*

खताचं वाचून फार बरं वाटलं! आमच्याकडे पाणी. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटरची सर आली तर 500 लिटर, गळती वगैरे वजा जाता 400 तरी हाती लागतात. पहिल्या सरीचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतं, ते सोडून द्यायचं. टाकीला घट्ट झाकण आणि बारीक जाळी हवीच, नाहीतर डास होतात. शिवाय वाफ्यावर चार बोटं पाल्याचं आच्छादन घाला, पाणी निम्म्यावर येतं असा माझा अंदाज आहे.

*

बी. याबद्दल मला भरभरून लिहायचं आहे, कारण स्वतःचं बी हातात असलं की पुढच्या हंगामाची काळजी मिटते.

टोमॅटो आणि घेवड्यापासून सुरुवात करा. दोन्हींचं बहुतेक परागीभवन त्याच फुलात होतं, त्यामुळे वाण सहसा शुद्ध राहतो. भोपळावर्गातली बी मात्र शेजारच्या वेलाशी संकर होऊन भलतंच फळ देऊ शकते. पाकिटावर 'एफ-1 संकरित' (दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी) लिहिलं असेल तर त्याचं बी धरू नका, पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही.

टोमॅटोचं बी काढताना सर्वांत निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्यायचं. गर वाटीत पिळून दोन-तीन दिवस झाकून ठेवायचा. वर पांढुरकी साय धरते, वास येतो, येऊ द्या. बीभोवतीचा बुळबुळीत पडदा उगवण रोखून धरतो, तो या आंबण्याने सुटतो. मग पाणी घालून ढवळलं की भरीव बी तळाशी बसतं. ते धुऊन काचेच्या बशीवर सावलीत वाळवा. कागदावर चिकटतं, पुन्हा सुटत नाही. कोरड्या, थंड जागी हे बी चार-पाच वर्षं टिकतं. कांद्याचं मात्र वर्ष-दोन वर्षांतच दगा देतं.

*

धान्याचं काय? कोणी केलंय का?

*

गणित मांडून बघा. हेक्टरी 3 टन उत्पन्न धरलं, तर चौरस मीटरला 300 ग्रॅम पडतात. एका माणसाला वर्षाला 150 किलो लागतं म्हटलं तर 500 चौरस मीटर झाले, तेही एका पिकाचे. एवढी जमीन नसेल तर धान्य खुशाल विकत घ्या आणि जे तोडल्यावर लवकर कोमेजतं ते घरी लावा. घरच्या श्रमाचं चीज तिथेच सर्वांत जास्त होतं.

*

जास्तीची कोबी आम्ही मिठात आंबवतो: किलोला 20 ग्रॅम मीठ, हाताने चुरून सुटलेल्या पाण्याखाली पूर्ण बुडवून. मात्र घेवडा, मटार अशा आंबट नसलेल्या भाज्या नुसत्या उकळून हवाबंद बाटलीत साठवू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू उकळत्या पाण्यातही बीजाणूरूपाने, म्हणजे कवचातल्या सुप्त अवस्थेत, तग धरतात. त्या वाळवा किंवा गोठवा.

*

भोपळ्याला फुलं भरपूर येतात, पण बोटाएवढं फळ पिवळं पडून गळतं. खत वाढवू का?

*

खत नको, नत्राने नुसता वेल माजेल. परागीभवन होत नाहीये. मागे इवलं फळ असतं ते मादी फूल, सरळ देठावरचं ते नर. सकाळी फुलं उमलली की नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधली पिवळी दांडी मादी फुलाच्या आतल्या भागावर हलकेच फिरवा. आठ-नऊच्या आत करा, नंतर फुलं मिटू लागतात. चार-पाच दिवसांत फळ फुगू लागलं तर धरलं समजा.