मोठ्या जातीचं पिल्लू आणि त्याचं पळणं: तुमचे अनुभव लिहा

कणेरी
आज सकाळी दूध आणायला खाली उतरले तर बी विंगमधला मुलगा स्कूटीवर, आणि मागे दोरीला त्यांचं लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉरचं पिल्लू. पाच-साडेपाच महिन्यांचं असेल. कान उडतायत, जीभ बाहेर, नुसतं भन्नाट पळतंय. वॉचमनकाका पण कौतुकाने बघत होते. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले आणि बाजी आठवला.

बाजी २०१० मधे आला, ४५ दिवसांचा. जो तो सांगायचा लॅब आहे, दमवा त्याला, नाहीतर सोफा फाडेल. आम्ही दमवलं. भाऊ रोज पहाटे पर्वतीवर न्यायचा, १०३ पायऱ्या वर, १०३ खाली, रविवारी दोनदा. बाजी कधी नको म्हणाला नाही हो. खुंटीवरून पट्टा काढला की त्या कडीच्या आवाजानेच नाचायचा. आठव्या महिन्यात जिना चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायला लागला, सशासारखे. आम्हाला ते गोड वाटायचं, त्याचे व्हिडिओ आहेत अजून. बसताना एक पाय बाजूला फाकवून बसायचा. अकराव्या महिन्यात एका सकाळी कडी वाजली, त्याने शेपटी आपटली, पण उठला नाही.

एक्सरेत दोन्ही खुबे. हिप डिसप्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा सैल, नीट बसलेलाच नाही. डॉक्टर म्हणाले मूळ आईबापाकडून येतं, पण वाढीच्या वयात पायऱ्या आणि वजन यांनी भर घातली. मोठ्या जातीत हाडांच्या टोकाची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो भाग, बंद व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, तोवर तो भाग कच्चा. ९ वर्षं जगला, त्यातली बरीचशी गोळ्यांवर.

मला इतकंच कळलंय, पिल्लू आपण सोबत आहोत या आनंदात पळतं, दुखलं तरी थांबत नाही. थांबायचं कधी हे आपणच बघायचं. तुमच्याकडे काय झालं, काय जमलं ते लिहा, त्या मुलाला वाचायला देणार आहे.

गच्चीवरची
बाजीचं वाचून रडू आलं गं. स्कूटीला बांधणाऱ्यांचा मला फार राग येतो, पिल्लाला वेग कमी करायची सोयच नसते त्यात. आणि डांबर! एप्रिलमधे दुपारी तळहात उलटा करून रस्त्यावर टेकवून बघा, आपल्याला टेकवत नाही तिथे त्याचे पंजे भाजणारच.

लसूणचटणी
आमचा जर्मन शेफर्ड ७ महिन्यांचा असताना आज पुढचा डावा पाय लंगडतोय चार दिवसांनी उजवा मग मागचा, आम्हाला वाटलं नाटक करतोय, आई म्हणे दृष्ट लागली तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या. डॉक्टरांनी हाड मधोमध दाबलं तर केवढा ओरडला. पॅनोस्टायटिस निघालं, वाढत्या वयातली हाडांची सूज, शेफर्डमधे खूप दिसते म्हणे. विश्रांती आणि औषध, दीड वर्षाचा झाल्यावर पूर्ण गेलं. पण लंगडणं अंगावर काढू नका, एक्सरे काढल्याशिवाय कळत नाही खुबा आहे का हे आहे.

माणदेशी
आमच्याकडं कारवानी, म्हणजे शिकारी कुत्री असतात, आजोबांपासून. पिल्लं रानात आईमागं हुंदडतात, ढेकळांत पडतात, दमली की बाभळीखाली जाऊन झोपतात, कोणी उठवत नाही. पण वर्षाचं होईस्तोवर लांब पळवायचं नाही आणि गाडीमागं तर नाहीच, आजोबा फार कडक होते यात. म्हणायचे पाय भरू दे आधी. आपल्या मनानं पळणं वेगळं आणि दोरीला धरून पळवणं वेगळं. शहरातल्या लोकांना रान कुठनं आणायचं हा प्रश्न आहेच, पण मातीचं मैदान शोधा, सिमेंटवर नको.

धुकं
माणदेशी, आजोबा अगदी बरोबर. नॉर्वेत ४ मोठ्या जातींच्या पिल्लांवर केलेला अभ्यास २०१२ मधे आला, त्यात लॅब आणि न्यूफाउंडलंड पण होते. पहिल्या ३ महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांत हिप डिसप्लेशिया जास्त दिसला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हिंडणाऱ्यांत कमी. म्हणजे कोंडून ठेवा असा अर्थ नाही, स्नायू पण तयार व्हायला हवेतच. ते 'महिन्याला ५ मिनिटं', म्हणजे ४ महिन्यांच्या पिल्लाला २० मिनिटं, हा नियम सगळीकडे सांगतात, त्यामागे संशोधन असं काही नाही, ढोबळ अंदाज आहे. पट्ट्यावरच्या चालण्याला लावायला ठीक. मी स्वतः घड्याळापेक्षा पिल्लू बघते, मागे रेंगाळायला लागलं, मधेच बसलं की परत घरी.

फोडणीचा भात
आमच्या इमारतीची लिफ्ट १९ दिवस बंद होती तेव्हा आमचा गोल्डन रिट्रीव्हर ३ महिन्यांचा, चौथा मजला. नवरा दिवसातून चारदा उचलून वरखाली. शेवटी शेवटी तो लिफ्टच्या दारापाशी जाऊन बसायचा आणि नवऱ्याकडे बघून पुढचे पाय वर करायचा 😀 लिफ्ट सुरू झाल्यावर पण उचला म्हणून बसून राहिला

गच्चीवरची
😂😂 फोटो हवाच

सायली_न्यू जर्सी
आमची ग्रेट डेन. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगितल्या. बारीक ठेवा, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लार्ज ब्रीड पपीचंच खाणं द्या. वरून कॅल्शियम अजिबात नको. मी तर भारतातून येताना बाटली आणायला सांगणार होते! लहान पिल्लाला जादाचं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही, शोषलंच जातं, आणि हाडं बिघडतात. नेदरलँड्समधे १९८०च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवरच हे तपासलं होतं. ऑपरेशनची पण घाई करू नका म्हणाले, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीने २०१३ मधे गोल्डनवर अभ्यास केला त्यात वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांत सांध्याचे त्रास जास्त होते.

कणेरी
सायली, कॅल्शियमची बाटली आम्ही पण दिली गं. ज्याच्याकडून बाजीला आणलं त्यानेच लिहून दिली होती. रोज दोन चमचे, दुधातून. एवढ्या प्रेमाने द्यायचो.

सायली_न्यू जर्सी
नको ना असं मनाला लावून घेऊ. २०१० मधे कोणाला माहीत होतं. तू ९ वर्षं सांभाळलंस त्याला.

बोरीचा पार
नाचणी सत्व चालतं का पिल्लाला? आमच्याकडे सासूबाई रोज देतात आणि तो पण ताट चाटून पुसून ठेवतो.

धुकं
थोडी चालेल, पण ते त्याचं मुख्य जेवण नको. पिशवीवरचं खाणं देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. डॉक्टरांना वजन दाखवून विचारा.

उंबरठा
टाइल्सबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही!! आमचा रॉटवायलर व्हिट्रिफाइडवर बेल वाजली की धावायचा आणि वळताना मागचे पाय फाकून आडवा, रोज. बाहेर किती चालवायचं याची चर्चा करतो आपण आणि घरात दिवसभर हे चालू. मग दारापासून हॉलपर्यंत जुन्या सतरंज्या, खाली ती जाळीची अँटीस्किड शीट. पंज्याखालचे केस कापले, नखं वेळेवर. आठवड्यात फरक.

फोडणीचा भात
सतरंज्या पावसाळ्यात वाळत नाहीत पण. कुबट वास.

उंबरठा
योगा मॅट घ्या, पुसता येतात. मी चार जोडून लावल्यात.

सुरंगी
आमी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर नेतो, पण ओल्या घट्ट वाळूत. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि पिल्लू लगेच दमतं. पाण्यात स्वतःहून गेलं तर जाऊ दे, सांध्यांवर भार येत नाही, पण लाटा असल्या तर नको, आणि खारं पाणी पिऊ द्यायचं नाही. चेंडू मात्र बंद केला. उंच उडी, मग गर्रकन वळून ब्रेक, सगळा भार त्या खुब्यांवर.

लसूणचटणी
मग दमवायचं कसं? आमच्याकडे आता दुसरा येतोय पुढच्या महिन्यात.

धुकं
नाकाने! जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवा, शोधू दे. फिरायला गेलात की ओढू नका, एका झुडपाला पाच मिनिटं हुंगू दे. १५ मिनिटं हुंगलं की आमची तासभर घोरते. फक्त लसी पूर्ण होईस्तोवर रस्त्यावर ठेवू नका, पार्व्हो या विषाणूचं भय, कडेवर घेऊन जग दाखवा.

बोरीचा पार
गोचिडांवर कोणाला काही चांगलं माहितीये का? पाऊस सुरू झाल्यापासून वैताग आलाय

गच्चीवरची
त्याचा वेगळा धागा काढ गं, लिहिण्यासारखं खूप आहे माझ्याकडे.

कणेरी
काल संध्याकाळी गेले शेवटी त्यांच्याकडे. मुलगा सोळा वर्षांचा आहे. वाटलं ओरडेल, पण धागा सगळा वाचला फोनवर, मधे मधे पिल्लाकडे बघत होता. मग विचारलं, काकू याचे खुबे आत्ता बघता येतील का. म्हटलं डॉक्टरांकडे ने, लहान वयात पण एक्सरेवरून सैल आहेत का ते कळतं. शनिवारची वेळ घेतलीये, मी पण जातेय सोबत.

आज सकाळी स्कूटी जागेवर होती. दोघं पार्किंगमधून गेटपर्यंत चालले होते, मातीच्या कडेकडेने, पिल्लू प्रत्येक कुंडीपाशी थांबत होतं आणि तो पण थांबत होता. मी दूध घेऊन परत आले तरी अजून तिसऱ्या कुंडीपाशीच होते.

फोडणीचा भात
नाव काय पिल्लाचं?

कणेरी
लाडू.