मदत हवी आहे: बाबांसाठी कोणता ई-रीडर घ्यावा?

मंडळी, बाबांना आता बारीक टाइप वाचवत नाही. मोबाइलवर वाचायला घेतात, पण मधेच व्हॉट्सअ‍ॅप वाजतं आणि पुस्तक राहतं बाजूला. म्हणून ई-इंक (कागदावरच्या छपाईसारखा दिसणारा) पडद्याचा रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, घ्यावा म्हणतोय. घोडं अडलंय पीडीएफपाशी. जुनी मराठी पुस्तकं मिळतात ती बहुतेक स्कॅन केलेली, म्हणजे पानाचा फोटोच. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर. मग प्रत्येक ओळीला पान सरकवत बसा! ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये मजकूर पडद्यावर आपोआप नीट बसतो, पण त्यासाठी ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणं) करून बघितलं तर जोडाक्षरांचा पार बट्ट्याबोळ.

६ इंची रीडरवर स्कॅन पीडीएफ कुणी रोज वाचतं का? की १० इंचीच घ्यावा? मराठीसाठी त्यातल्या त्यात बरं ओसीआर कुठलं? (टॅब सुचवू नका प्लीज, त्यावर यूट्यूब आलंच.)