कुत्रीच्या नसबंदीसाठी डॉक्टर सुचवा (बेळगाव, बजेट ५ हजार)

टिळकवाडी_वहिनी: नमस्कार. आमची चिंगी गावठी, आठ महिन्यांची. पहिल्यांदाच माजावर आलीय. नसबंदी करायची हे पक्कं. ५ हजारांच्या आत होईल असा चांगला डॉक्टर सांगा. आणि लगेच करू की थांबू? सासूबाई म्हणालेत, एक वेत होऊ दे.

निपाणीकर: वहिनी, सरळ कोल्हापूर गाठा. आमच्या लॅब्रॅडॉरची तिकडेच केली. आधी रक्त तपासलं, गॅसची भूल दिली, रात्रभर ठेवून घेतलं. १४ हजार गेले, पण दुसऱ्या दिवशी पोटभर जेवली. जिवापुढे पैसा बघू नये.

शहापूरची_मुलगी: बजेट ५ सांगितलंय ओ त्यांनी. ताई, आत्ता नको. माजात गर्भपिशवीकडे रक्त जास्त असतं, ऑपरेशनात रक्तस्राव वाढतो. डॉक्टर बहुतेक दोन-तीन महिने थांबायला सांगतात. तोवर एकटी बाहेर सोडू नका. माजाचं रक्त कमी झालं म्हणजे सुटलो असं नाही, पिल्लं राहायचे दिवस त्याच सुमाराला असतात.

चिकोडी_मुधोळवाला: सासूबाई बरोबर म्हणालेत. एक वेत झालं की कुत्री शांत होते, असं वडिलांपासून ऐकत आलोय. आमच्याकडे अस्सल मुधोळ शिकारी कुत्री आहेत, मुधोळ संस्थानच्या घोरपडे सरकारांनी राखलेली जात. पिल्लांना लोक आधीच सांगून ठेवतात.

वडगावकर: मुधोळला सांगून ठेवतात ओ, गावठीला कोण येतंय? आमच्या गल्लीत एकानं असंच एक वेत होऊ दिलं. दोन पिल्लं ओळखीत गेली, बाकीची पोत्यात घालून मार्केट यार्डाबाहेर सोडली. एकाचे डोळे पण नीट उघडले नव्हते. माझ्या डोळ्यासमोरून ते जात नाही. आणि पिल्लं विकायचा धंदा करायचा तर २०१७ चे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, १८ महिन्यांच्या आत मादी फळवायची नाही, आयुष्यात ५ वेतांच्या वर नाही, ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. चिंगी आठ महिन्यांची आहे.

चिकोडी_मुधोळवाला: मी कुठं विकायला सांगितलं? पण जात राखायची तर वेत घ्यावंच लागतं. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन बघा एकदा.

वडगावकर: मुधोळची राखा की, कोण नको म्हणालंय.

हिंडलग्याचे_काका: पाच हजार तरी कशाला? महापालिकेची गाडी येते तीत घाला, फुकट होतंय.

शहापूरची_मुलगी: काका, ती सोय रस्त्यावरच्या कुत्र्यांची. त्यांना धरून नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खाच मारून परत त्याच जागी सोडायचं. पाळलेल्याची लस, जंताचं औषध, नसबंदी मालकानं बघायची, असं प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांत स्पष्ट आहे.

हिंडलग्याचे_काका: परत कशाला सोडतात? सुप्रीम कोर्टानं उचला म्हणून सांगितलंय की. आमच्या नातवाला सायकलवरून जाताना मागं लागतात.

शहापूरची_मुलगी: ऑगस्ट २०२५ चा तो आदेश दिल्ली भागापुरता होता, अन् त्याच महिन्यात बदलला. रेबीज झालेली आणि चावरी सोडून बाकीची लस-नसबंदी करून परत सोडायची. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्टँड यांच्या आवारातली हलवायला सांगितलं. नातवाचं महापालिकेत लेखी द्या काका, ते महत्त्वाचं आहे.

अनगोळची_आई: वहिनी, सासूबाईंना हे वाचून दाखवा. आमच्या सोनीची नसबंदी केली नव्हती. माज होऊन गेला आणि काही आठवड्यांनी ती सारखं पाणी प्यायला लागली, खाणं बंद. पिशवीत पू झाला होता. रातोरात पिशवी काढली म्हणून वाचली. वेत झाल्यानं हे टळत नाही, पिशवी काढल्यावरच टळतं. लवकर केली तर सडांच्या गाठीही कमी होतात, असं डॉक्टर म्हणाले.

निपाणीकर: म्हणूनच म्हणतो, कोल्हापूर.

खानापूरकर: डॉक्टर कुठलाही बघा, पण नंतरचं सांभाळा. आमच्या राणीनं टाके चाटून उघडले, परत भूल द्यावी लागली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात त्या कॉलरचं जिथं केलं तिथं कोणी सांगितलंच नाही. कॉलर सहन होत नसेल तर जुना टी-शर्ट घाला. पुढचे पाय बाह्यांतून काढायचे आणि मागचं टोक शेपटीजवळ वर ओढून गाठ मारायची, म्हणजे पोट झाकून राहतं. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा. खर्च विचारताना औषधं आणि टाके काढणं धरून किती, ते पण.

वडगावकर: आणि माजात करू नका, शहापूरच्या ताई म्हणाल्यात तसं.

टिळकवाडी_वहिनी: सगळ्यांचे आभार. कोल्हापूर नको, चिंगी गाडीत बसली की ओकते. वेतही नको. सासूबाईंना सोनीचं वाचून दाखवलं, त्या अजून नाराज आहेत, पण मी करणार. आमच्याच गल्लीत घरी येऊन लस टोचतात त्या डॉक्टरांकडे करायचं ठरवलंय. इथं कोणीच त्यांचं नाव घेतलं नाही, पण चिंगी त्यांच्या हाताला घाबरत नाही, आणि रात्री काही झालं तर ते चालत येतील. औषधं, टाके धरून साडेचार सांगितलेत. माज संपून दोन महिने झाले की तारीख घेते. खानापूरकर, बनियन चालेल काय?

खानापूरकर: बनियन सैल होतं वहिनी, जीभ आत जाते. लहान मुलाचा टी-शर्ट बघा, आणि दोन ठेवा, एक धुवायला.