मदत हवी आहे: फर्नमधली बंद छिद्रं मोजताना आकडा कमी येतोय

नमस्कार. अंटार्क्टिकातून आलेल्या गाभ्याच्या (हिमात खोलवर छिद्र पाडून काढलेल्या नळकांड्याच्या) तुकड्यांची सच्छिद्रता, म्हणजे आकारमानात छिद्रांचा वाटा, मोजायचं काम प्रकल्पासाठी माझ्याकडे आहे. दोन आठवडे एकाच जागी अडकले आहे.

फर्न म्हणजे वर्षानुवर्षं साचून दबलेलं हिम. वर घनता ०.३५ ग्रॅम प्रति घनसेंमीच्या आसपास, खाली वाढत जाते. ०.८२ ते ०.८४ च्या सुमाराला छिद्रं एकमेकांपासून तुटतात आणि हवा बुडबुड्यांत कायमची अडकते. दक्षिण ध्रुवावर त्यासाठी साधारण १२० मीटर खाली जावं लागतं. बंद छिद्रांचा आकडा चुकला तर किती हवा अडकली तोही चुकतो, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

पद्धत अशी: उणे २० अंशांच्या खोलीत ४ सेंमी व्यासाचा, ५ सेंमी लांबीचा दंडगोल. वजनावरून घनता, बर्फाची ०.९२ धरून एकूण सच्छिद्रता. मग पिक्नोमीटर, म्हणजे वायू सोडून आकारमान मोजणारं यंत्र. त्यातला वायू खुल्या छिद्रांत शिरतो, बंद छिद्रांत नाही, त्यामुळे बर्फ अधिक बंद छिद्रं इतकं आकारमान मिळतं. दंडगोलाच्या आकारमानातून ते वजा केलं की खुली छिद्रं.

अडचण ही की ०.८६ घनतेच्या तुकड्यात सगळी छिद्रं बंद हवीत, पण माझ्या हिशेबात ७ टक्के छिद्रं खुली दिसतात. गळती तपासली, स्टीलच्या गोळीचं आकारमान बरोबर येतं. कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
ताई, यंत्र ठीक आहे. करवतीने कापताना पृष्ठभागावरचे बुडबुडे फुटतात आणि वायूला ते खुलेच वाटतात. तुमच्या दंडगोलाचं पृष्ठभाग भागिले आकारमान १.४ प्रति सेंमी येतं. बुडबुडा १ मिमीचा धरा, त्याची त्रिज्या ०.०५ सेंमी, गुणाकार ०.०७, म्हणजे छिद्रांपैकी ७ टक्के कापात फुटलेली. तुमचे ७ टक्के हेच असू शकतात.

पण लगेच मान्य करू नका. ०.८६ ला एकूण सच्छिद्रता साडेसहा टक्केच आहे, त्यातले ७ टक्के म्हणजे ०.३ घनसेंमीसुद्धा नाही. व्यास ०.१ मिमीने जास्त मोजला गेला तरी जवळपास तेवढंच येतं! व्यास किती ठिकाणी मोजलात?

उकळून हवा घालवलेलं पाणी सावकाश गोठवून बिनबुडबुड्याचा बर्फ करा, त्याच मापाचा दंडगोल कापून तसाच मोजा. त्यात जी 'खुली छिद्रं' दिसतील ती सगळी मापाची चूक. ती वजा करून उरेल ते फुटलेल्या बुडबुड्यांचं.

धागाकर्ती:
खूप आभार! व्यास फक्त दोन्ही टोकांना, व्हर्नियरने मोजला होता. करवतीचा काप मध्यभागी किंचित आत जातो हे आता लक्षात येतंय. सोमवारी बिनबुडबुड्याचा तुकडा करून बघते. आमच्या थंड खोलीत लेथ नाही. त्याशिवाय कडा एकसारख्या करायची कुणाची हातची युक्ती आहे का?