टॅटू वर्गात शिकायचा की वस्तादाच्या हाताखाली? डिप्लोमावाल्यांना उत्तर

कॉइलवाला

परवा एकाची पोस्ट वाचली आणि दोन दिवस डोकं तापलंय. म्हणणं थोडक्यात असं की टॅटूचा सरकारमान्य डिप्लोमा काढा, आयटीआयला ट्रेड सुरू करा आणि वस्ताद-चेला ही पद्धत मोडीत काढा, कारण ती म्हणजे पोरांना फुकट राबवून घेणं आहे. इथपर्यंत ठीक, ज्याचं त्याचं मत. पण शेवटी लिहिलंय, "सहा महिन्यांत कुणीही शिकेल, शेवटी ते चित्रच, कागदाऐवजी कातडी एवढंच." या वाक्यासाठी लिहायला बसलोय.

मी कोल्हापुरात चौदा वर्षं हेच काम करतोय. त्याआधी पावणेतीन वर्षं वस्तादांकडे होतो, त्यातले पहिले आठ महिने मशीनला हात नाही. फरशी पुसायची, ट्यूब घासायच्या, ऑटोक्लेव्ह (सामान वाफेने निर्जंतुक करायचं भांडं) लावायचा, स्टेन्सिल (कातडीवर चित्र उमटवायचे कागद) काढायच्या आणि बघत उभं राहायचं. तेव्हा मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. पण कातडी म्हणजे कागद नाही हे त्या उभं राहण्यात कळलं. मनगटाच्या आतली कातडी पातळ, बरगडीवरची श्वासाबरोबर वरखाली होते, कोपरावरची एकीकडे ताणली की दुसरीकडे सुरकुतते. शाई बसायला पाहिजे दीड-दोन मिलिमीटर खाली. वरच राहिली तर खपलीबरोबर निघून जाते, जास्त खाली गेली तर रेघेभोवती निळसर धूर पसरतो आणि तो जन्मभर राहतो. हे दीड-दोन मिलिमीटर मोजायला पट्टी नाही, ते हाताला कळतं. मशीनचा आवाज किंचित जड होतो, सुई बाहेर येताना कातडी जरा ओढली जाते. माझी पहिली खरी रेघ मारताना वस्तादांनी उजव्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्या डाव्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाले, "टॅटू हा हात करतो." ताण धरणारा हात! आता वीस पोरांच्या वर्गात कोण कुणाचा डावा हात धरणार?

आणि क्लासवाल्यांची ती सिंथेटिक स्किन, म्हणजे सरावाची रबरी कातडी. तिला रक्त येत नाही, सूज येत नाही, ती घाबरून हात मागे घेत नाही. वर ती बहुतेक पांढरटच असते, आपल्याकडचं गिऱ्हाईक सावळं. त्या पांढऱ्या रबरावर छान दिसलेला पिवळा रंग सावळ्या हातावर महिन्याभरात शोधावा लागतो. माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन जण येतात असले बिघडलेले हात घेऊन, कव्हर-अप करून द्या, म्हणजे वरून नवा टॅटू काढून जुना झाका म्हणून.

रक्तगट_ओ

दादा, तुमच्या हाताबद्दल आदर आहे, पण पूर्ण लेखात रोगाबद्दल एक ओळ नाही. नाशिकला रक्तपेढीत टेक्निशियन आहे मी. वाळलेल्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू सात दिवस जगू शकतो. ऑटोक्लेव्हला १२१ अंश, १५ पौंड दाब आणि पूर्ण वेळ लागतो, आणि तो खरंच मारतोय का हे बघायला स्पोअर टेस्ट लागते. किती वस्ताद करतात? भाच्याबरोबर एका स्टुडिओत गेले होते, तिथे काचेच्या कपाटात निळा दिवा लावून "आमचं सगळं स्टराइल" म्हणून दाखवत होते. तो दिवा फार तर निर्जंतुक केलेलं सामान ठेवायला, निर्जंतुक करायला नव्हे. आर्टिस्टने हातमोजे घातलेल्या हाताने मोबाईल उचलला, गाणं बदललं आणि तोच हात परत जखमेवर. मी टोकलं तर म्हणाला, "आमच्या वस्तादांनी वीस वर्षं असंच केलं, कुणाला काही झालं नाही."

अहो हाच तर प्रॉब्लेम आहे! वस्तादाची कला उतरते तशी वस्तादाची चूकही उतरते, आणि तिला विचारणारं कुणी नसतं. न्यूयॉर्क शहरात १९६१ साली हिपॅटायटिसचं कारण देऊन टॅटूवर बंदी आणली, ती १९९७ पर्यंत उठली नाही. आपल्याकडेही एखादं मोठं प्रकरण झालं की सरकार बंदीच आणेल, मग बसा वस्तादगिरी करत.

रेघ_ना_रेघ

राबवून घेणं हा शब्द झोंबला का? झोंबू दे. मी मुलगी आहे, पुण्यात राहते, तीन वस्तादांकडे गेले होते. पहिल्याने विचारलं लग्न कधी करणार, कारण "मुली शिकून निघून जातात". दुसरा म्हणाला रात्री दहानंतर ये, तेव्हाच निवांत शिकवता येतं, मी गेले नाही. तिसऱ्याकडे अकरा महिने काढले, फरशी पुसली, त्याच्या पोराला शाळेतून आणलं, डबे घासले, मशीन शून्य. माझ्या मागून आलेल्या मुलाला चौथ्या महिन्यात हातात मशीन मिळालं. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे या देशात, फिटर-टर्नरच्या पोराला त्यात विद्यावेतन मिळतं. मला तिथे चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यावा लागायचा.

मग कर्ज काढून ७५ हजार भरले आणि क्लास केला. चांगला होता का, नाही. बॅचमध्ये अठरा जण, मशीनं पाच. पण नवव्या दिवशी माझ्या हातात मशीन होतं, आणि मी बाईमाणूस आहे म्हणून कुणी दार लावून घेतलं नाही. तुम्हाला चांगला वस्ताद मिळाला हे तुमचं नशीब, त्याला पद्धत म्हणू नका.

कॉइलवाला

रात्री दहाला बोलावणारा वस्ताद नव्हे, त्याला चपलेने मारायला पाहिजे. पण वाईट माणसं क्लास काढत नाहीत का? ७५ हजार घेऊन पाच मशीनवर अठरा पोरं बसवणारा कोण मग, संत? तुम्ही स्वतःच लिहिलंय चांगला नव्हता म्हणून. माझ्या वस्तादांनी एक रुपया घेतला नाही माझ्याकडून.

रेघ_ना_रेघ

रुपया नाही घेतला, आठ महिने घेतले. घरी कुणीतरी जेवायला घालत होतं म्हणून तुम्ही ते देऊ शकलात. ज्याच्या घरी नाही त्याने काय करायचं ते सांगा.

बोरू_आणि_दौत

अवांतर होईल, पण राहवत नाही. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं चित्रकला आणि सुलेखन शिकवलं. वर्ग की वस्ताद ते तुमचं चालू द्या, पण टॅटूवाल्यांना आधी मराठी लिहायला कोण शिकवणार? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अभिमानाने दंड दाखवला, सुंदर मोर, आणि खाली "आईवडिलांचा आर्शीवाद". रफार "शी"वर! अहो रफार "वा"वर असतो, आशीर्वाद. मी त्याला काही बोललो नाही, घरी येऊन रात्रभर झोप नाही. दुसऱ्या एकाच्या मानेवर "शिव" लिहायचं होतं, कॉम्प्युटरवर वेलांटी उजव्या बाजूला उडी मारून बसली आणि त्या पठ्ठ्याने स्टेन्सिल तशीच उतरवली. देवाचं नाव, जन्मभर चुकीचं. हाताचा ताण शिकायला पावणेतीन वर्षं आणि बाराखडीला पावणेतीन मिनिटं नाहीत?

माणदेशी

आलं का शुद्धलेखन. सर, माझ्या हातावर "आय" गोंदलंय. आमच्याकडं आईला आयच म्हणतात. स्टुडिओत शेजारी बसलेला एक जण हसून म्हणाला "ई राहिली वाटतं". माझी आय जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा. ही शुद्ध-अशुद्धची पट्टी घेऊन फिरणाऱ्यांनी आमच्या बोलीला आयुष्यभर छळलंय, आता कातडीवर पण तपासणार का?

बोरू_आणि_दौत

तुम्ही विनाकारण अंगावर येताय. आय हा शब्द आहे, चूक नव्हे. माझी आजीही आयच म्हणायची. रफार सरकणं ही बोली नाही, निष्काळजीपणा आहे. दोन्ही एका मापात घालू नका.

माणदेशी

शाळेत असताना निबंधात "आय" लिहिलं तर तुम्ही लाल पेनानं गोल केला असता की नाही, खरं सांगा.

बोरू_आणि_दौत

केला असता. तेव्हा केलेही. आज नसता केला. झालं समाधान?

कॉइलवाला

सर, तुमचा राग बरोबर आहे, पण यातली कामाची गोष्ट कुणीच बोलत नाहीये म्हणून सांगतो. देवनागरी हे टॅटूतलं सगळ्यात अवघड काम आहे. शाई कातडीत वर्षानुवर्षं हळूहळू पसरते, रेघ जाड होत जाते. घ आणि ध मध्ये फरक किती, डोक्यावरची रेघ सलग आहे की तुटलेली एवढाच. भ आणि म चंही तेच. लोक येतात, मोबाईलवरचा फॉन्ट दाखवतात आणि म्हणतात मनगटावर बारीक अक्षरात चार ओळी पाहिजेत. आज झकास दिसतं, फोटो काढतात, लाईक मिळतात. दहा वर्षांनी तो ध मिटून घ होतो आणि अनुस्वार म्हणजे तीळ वाटतो. हे मला कुठल्या पुस्तकात नाही कळलं. वस्तादांकडे त्यांनीच पंधरा वर्षांपूर्वी केलेली गिऱ्हाइकं परत यायची, ते मला बोलावून दाखवायचे, बघ इथे जागा कमी सोडली होती मी, आता बघ काय झालं. क्लासमधल्या मास्तरकडे फक्त ताज्या कामाचे फोटो असतात. जुना हात तिथे कुठून येणार?

बोरू_आणि_दौत

हे मला खरंच माहीत नव्हतं. बोरूचंही हेच असतं, कागद शोषणारा असेल तर अक्षरातली पोकळी आधीच मोठी ठेवावी लागते. आम्ही मुलांना सांगतो की काळं काढू नका, आतलं पांढरं काढा.

कॉइलवाला

अगदी हेच, सर. आतली कातडी राखायची.

रेघ_ना_रेघ

पण सर वर्गातच शिकवायचे ना हे? एकतीस वर्षं, वर्गात, चाळीस मुलांना? मग पोकळी राखायला वर्गात शिकता येतं की. मी एवढंच म्हणतेय.

तुळसवृंदावन

तुम्ही सगळे मशीनचं बोलताय. माझ्या आजीच्या (पंढरपूरकडची) हनुवटीवर तीन ठिपके, हातावर तुळस आणि मनगटाशी विंचू होता. जत्रेत गोंदणारी बाई यायची, दोन-तीन सुया एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, वर हळद, आणि मोबदला पायलीभर जोंधळे. पोरगी रडू नये म्हणून ती गाणं म्हणायची. आजी सांगायची दागिने इथेच काढून घेतात, वर सोबत येतं ते गोंदणच. त्या बाईला कोण शिकवायला गेलं होतं? आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलं. फिलिपिन्समधल्या कलिंगा लोकांत अजून काट्याने गोंदतात, तिथल्या व्हांग-ओड आजी एकशे सहा वर्षांच्या असताना २०२३ मध्ये मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकल्या, त्यांनी भावंडांच्या नातींना शिकवलं. आपल्या गोंदणाऱ्या बायांच्या लेकी आज स्टुडिओत का दिसत नाहीत, याचं उत्तर द्या कुणीतरी. डिप्लोमाला दहावी पासची अट लागली की त्या तर कायमच्या बाहेर.

रक्तगट_ओ

ताई, आजीचं गोंदण सुंदर असेल, पण त्याच सुया पुढच्या पोरीला लागायच्या. गाण्याने विषाणू मरत नाही. बाकी दहावीच्या अटीचं तुमचं म्हणणं पटलं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पोर्टलंडकर

आमच्या अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचं सांगतो. इथे टॅटूच्या लायसन्ससाठी मान्यताप्राप्त शाळेतून ३६० तासांचं प्रशिक्षण आणि ५० कामं पूर्ण केलेली लागतात. नुसता "मी अमक्याचा चेला" चालत नाही. मी टॅटू काढून घेतला तेव्हा लायसन्स भिंतीवर टांगलेलं होतं, टॅटू काढणाऱ्या मुलीने माझ्यासमोर सीलबंद सुई फोडली. काही आभाळ कोसळलं नाही इथे.

कॉइलवाला

३६० तास म्हणजे रोजचे आठ धरले तर ४५ दिवस. पंचेचाळीस दिवसांत तयार झालेल्याच्या हातात मी माझी बरगडी देणार नाही, तुम्ही द्या. आणि ५० कामं पाहिजेत म्हणजे शेवटी कातडीवरच शिकायचं ना? परवान्याचा कागदच पाहिजे म्हटलं की काय होतं ते बघायचं तर दक्षिण कोरियाकडे बघा, तिथे १९९२ च्या कोर्टाच्या निकालापासून टॅटू काढायचा तर डॉक्टर असायला पाहिजे, कलाकार सगळे चोरून काम करत राहिले. २०२५ मध्ये शेवटी त्यांच्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला.

रक्तगट_ओ

तो कायदा पण परीक्षा आणि परवान्याचाच आहे दादा, वस्तादाच्या चिठ्ठीचा नाही. उदाहरण तुमच्याच विरोधात गेलं.

कॉइलवाला

बरं. रोगाचा भाग वर्गात, लेखी परीक्षा, नापास झाला तर दुकान बंद, यावर माझं काही म्हणणं नाही. मीही देईन परीक्षा. आणि स्पोअर टेस्ट मी करत नाही, हे कबूल करतो. कुठे करून मिळते ते सांगा. पण हाताचं काम वर्गात होत नाही ते नाहीच, यावरून मी हलणार नाही.

रेघ_ना_रेघ

आणि मी यावरून की चेला ठेवलात तर लिहून ठेवा, किती महिने, किती पैसे, मशीन कधी. तुमच्या स्टुडिओत आत्ता किती मुली शिकतायत?

कॉइलवाला

एकही नाही. कुणी आलं नाही.

रेघ_ना_रेघ

दारावर "मुलींनाही शिकवतो" अशी पाटी लावली होती कधी?

कॉइलवाला

नाही.

मूकवाचक_७

पहिल्यांदाच लिहितोय. सरांचा प्रतिसाद वाचून लगेच बाही वर करून बघितली, माझ्याही हातावर "आर्शीवाद"च आहे. सहा वर्षं झाली, कुणी सांगितलंच नाही. दुरुस्त होतं का हो?

कॉइलवाला

होतं. फक्त रफारापुरतं लेझर, दोन-तीन सिटिंग, मधे सहा ते आठ आठवडे. पूर्ण जायची गरज नाही, फिका झाला की वरून वेल नाहीतर पान घेता येतं, मग "वा"वर नवीन रफार. कोल्हापूर जवळ असेल तर या, पैसे नकोत.

रेघ_ना_रेघ

"शी"वरची जागा बारीक असेल तर वेल घेऊ नका, ईकार गिळून टाकेल. आधी फोटो टाका. आणि रफाराची स्टेन्सिल सरांना दाखवून मगच उतरवा.

बोरू_आणि_दौत

मी हाताने काढून पाठवतो. किती सेंटिमीटर पाहिजे ते कळवा.

रक्तगट_ओ

मूकवाचक, हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर घ्या, तीन डोस असतात. आणि रक्तदान करायचं मनात असेल तर टॅटूची दुरुस्ती करायच्या आधी करून टाका, टॅटूनंतर वर्षभर आम्ही तुमचं रक्त घेणार नाही.

मूकवाचक_७

उद्याच जातो. रक्तगट बी निगेटिव्ह आहे माझा, एवढ्यात रक्तपेढीतून दोनदा फोन येऊन गेलाय.