मदत हवी आहे: गुरुत्वाकर्षण बदललं की हाताचा अंदाज का चुकतो?

१९९८ च्या न्यूरोलॅब मोहिमेतला (नासाच्या स्पेस शटलवर मज्जासंस्थेचा अभ्यास झाला ती) एक प्रयोग वाचल्यापासून डोकं अडकलंय. अवकाशवीरांकडे वरून चेंडू फेकला जायचा. तिथे वजनरहित अवस्थेत त्याचा वेग वाढत नाही, तरी हात झेलायला गरजेपेक्षा आधीच सरसावायचे! डोळ्यांना चेंडू एकाच वेगाने येताना दिसतोय, पण मेंदू पृथ्वीवरच्या गुरुत्वाचा (दर सेकंदाला वेग ९.८ मीटर/सेकंदाने वाढणार असा) हिशोब धरून बसलेला. आणि ही खोड काही दिवस तरी सुटली नाही.

आता माझा घोळ. पॅराबोलिक उड्डाणात (विमान कमानीसारखं वर जाऊन खाली येतं ते) साधारण २० सेकंद वजनरहित अवस्था असते, तिच्या आधी आणि नंतर सुमारे १.८ पट भार. त्या वाढीव भारात हात उशिरा पोचेल, हे तर्काने पटतं. पण चूक नेमकी कुठली? हातच जड झाला म्हणून स्नायूंची ताकद कमी पडते, की आतल्या कानातले ओटोलिथ (गुरुत्व आणि डोक्याचा कल जाणवून देणारे बारीक खडे) वेगळाच संदेश देतात म्हणून मेंदूचं गणित बिघडतं? दोन्ही एकदमच बदलतात, मग वेगळं कसं काढायचं?

हाताला आधार देऊन, म्हणजे त्याचं वजन काढून घेऊन, सेंट्रिफ्यूजमध्ये (माणसाला गोल फिरवून वाढीव भार देणाऱ्या यंत्रात) चाचणी केली तर चालेल का? (तिथे डोकं हलवलं की गरगरतं, तो वेगळाच ताप.) शरीरशास्त्र किंवा न्यूरोसायन्सवाले कुणी असतील तर सोप्या भाषेत सांगा, प्लीज.