ग्रेनाडिनला मराठीत काय लिहायचं?

द्राक्षवेल: गंगापूर रोडच्या एका हॉटेलचं मेनूकार्ड मराठीत करून देतेय. कॉकटेल-मॉकटेलच्या पानावर ग्रेनाडिन या लाल सिरपपाशी गाडी अडलीय. मी 'डाळिंबाचा पाक' लिहिलं तर बारवाला दादा म्हणाला, ताई यात डाळिंब कुठंय, आणि बाटलीच फिरवून दाखवली. साखर, पाणी, सायट्रिक ॲसिड, फ्लेवर, लाल रंग. बस. आता काय लिहू?

कसमादेकर: 'डाळिंब'च लिहा. फ्रेंचमधे ग्रेनाड म्हणजे डाळिंब, त्यावरून ग्रेनाडिन, आणि फोडायचा ग्रेनेडसुद्धा त्याच फळावरून. मूळ सिरप डाळिंबाचा रस आणि साखर एवढंच होतं. सटाणा, देवळा, मालेगाव हाकेच्या अंतरावर असताना नाशिकच्या मेनूकार्डातून डाळिंब गाळायचं म्हणजे काय! तेल्या रोगानं डाळिंबाच्या बागा गेल्या तरी लोकांनी परत उभ्या केल्यात.

शब्दवेडा: पण 'पाक' नको. पाक म्हटलं की एकतारी, दोनतारी, चिरोटे आठवतात. सरळ 'दाडिमार्क' करा, डाळिंब हा शब्द दाडिमवरूनच आलाय.

ओझरची सून: अहो अर्क म्हणजे वाफ धरून काढलेला, ओव्याचा असतो तसा. रसात साखर विरघळवली की अर्क होत नाही. आणि गिऱ्हाईक दाडिमार्क वाचून औषध समजेल.

शब्दवेडा: बरं, मग दाडिमावलेह? आयुर्वेदात आहेच तो.

ओझरची सून: अवलेह चाटायचा असतो, ग्लासात ओतायचा नाही. 'सिरप'च ठेवा ना, सरबत आणि सिरप दोन्ही अरबीतल्या 'पिणे' या एकाच धातूवरून आलेत, शराबसुद्धा. सरबत चालतं तर सिरपनं काय घोडं मारलंय?

मूळचा रत्नांग्रीचा: आमच्याकडे आगळ वेगळं, अमृतकोकम वेगळं आणि सरबत वेगळं. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, अमृतकोकम साखरेतलं, आणि पाणी घातल्यावर सरबत. बाटलीतल्याला सरबत म्हटलेलं मला चालणार नाही.

द्राक्षवेल: पण डाळिंब नसलेल्याला डाळिंब लिहू का? माझा प्रश्न तोच आहे.

घाटावरचा: 'ग्रेनाडिन'च ठेवा. माय ताय कॉकटेलमधे ओर्झा नावाचं सिरप पडतं, ते नाव फ्रेंच ओर्झ म्हणजे जवावरून आलंय, आज त्यात बदाम असतो. नाव मागे राहतं, माल बदलतो. फ्रान्समधेही ग्रेनाडिन म्हणून मिळतं ते बऱ्याचदा लाल बेरी आणि व्हॅनिलाचं असतं, पोरं लेमोनेडमधे घालून पितात. टकीला सनराईज कॉकटेलमधे तर त्याचं काम मुख्यतः रंगाचं, संत्र्याच्या रसापेक्षा जड म्हणून कडेनं सोडलं की तळाशी जातं आणि लाली खालून वर चढते.

कसमादेकर: रंगाचंच काम म्हणून गप्प बसायचं का? जॅक रोज कॉकटेलमधे तेच आंबटगोड चवीला लागतं, तिथं नुसतं लाल साखरपाणी कळतं. खरं ग्रेनाडिन घरी करता येतं. दाणे फडक्यात बांधून दाबायचे, मिक्सरला लावायचे नाहीत, बी भरडली की तुरट होतं. रसाइतकीच साखर, मंद आचेवर विरघळेपर्यंत, उकळी आणायची नाही नाहीतर रंग तपकिरी पडतो. गार झालं की थोडं लिंबू पिळायचं. हॉटेलवाल्याला हे करायला लावा, मग 'डाळिंबाचा पाक' बिनधास्त छापा.

ओझरची सून: मिक्सर चालतो, नुसता दोनदा फिरवून लगेच थांबवायचा, मी कायम तसंच करते.

कसमादेकर: ताई, दोनदा फिरवला तरी थोडी बी फुटतेच, जिभेच्या कडेला लागते.

मूळचा रत्नांग्रीचा: गणेश जातीचं डाळिंब चालेल का? बी मऊ असते म्हणतात.

कसमादेकर: बी मऊच, पण दाणा फिका गुलाबी, रंग येणार नाही. भगवा जातीचंच घ्या.

द्राक्षवेल: कार्ड उद्या छापायला जातंय हो...

शब्दवेडा: दाडिमरस?